इंग्लंडमध्ये गाडी उचलून नेली तर (नवीन आलेल्यांसाठी)

सगळ्यात आधी, गाडी नेली कोणी ते शोधा. चुकीच्या जागी लावली म्हणून काउन्सिल (इथली नगरपालिका) नेते, रोड टॅक्स भरला नाही म्हणून डीव्हीएलए (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं) नेते, आणि विमा किंवा लायसन्स नाही म्हणून पोलीस नेतात. तिघांचे दर वेगळे, कागद वेगळे. लंडनमध्ये गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार करायच्या आधी 'ट्रेस' या सेवेवर नंबर टाकून बघा. बाकी ठिकाणी काउन्सिलला नाहीतर 101 ला (पोलिसांचा तातडी नसतानाचा नंबर) फोन करा.

काउन्सिलचं प्रकरण सोपं असतं. पैसे भरा, गाडी घ्या, वाद नंतर घाला. पैसे भरले म्हणून अपिलाचा हक्क जात नाही.

डीव्हीएलएच्या तावडीत आपली माणसं सापडतात ती जुनी गाडी घेताना. विकणारा सांगतो, "टॅक्स आहे अजून सहा महिने." तो त्याचा आहे हो, तुमचा नाही! ऑक्टोबर 2014 पासून टॅक्स गाडीबरोबर येत नाही. लॉगबुकाचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) नव्या मालकाचा तुकडा हातात पडला की तिथेच उभ्या उभ्या ऑनलाइन टॅक्स भरायचा आणि मगच चावी फिरवायची. जॅमर बसलाच तर 24 तासांत 100 पाउंडात सुटतो. त्यानंतर गाडी जप्त गाड्यांच्या आवारात गेली की 200, वर दिवसाला 21. टॅक्स भरल्याचं दाखवता आलं नाही तर 160 पाउंड अनामत वेगळी. ती 15 दिवसांत टॅक्स भरून दाखवला तर परत मिळते.

आता पोलीस. हा भाग नीट वाचा, कारण मला येणारे फोन बहुतेक याचेच असतात.

भारतात विमा गाडीचा असतो. लायसन्स असलेला कोणीही, भाऊ, मेहुणा, मित्र, चावी घेऊन निघतो. इथे विमा गाडी आणि चालवणारा या जोडीचा असतो. पॉलिसीत ज्याचं नाव त्यानेच चालवायची. नवऱ्याच्या नावावर पॉलिसी आणि बायको मुलाला शाळेत सोडायला निघाली, नाव घातलेलं नाही, तर कायद्याच्या नजरेत ती विना विमा चालवते आहे. मित्राला "दोन दिवस वापर" म्हणून गाडी दिलीत तर त्याच्याबरोबर तुम्हीही गुन्हेगार. विद्यार्थ्यांनो, साध्या पॉलिसीवर जेवणाची पार्सलं पोचवणं हेही विना विमाच. पोलिसांच्या गाडीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि विम्याची नोंद त्यांच्यासमोर येते. थांबवणारा अधिकारी अतिशय सभ्य असतो, तुम्हाला 'सर' म्हणतो, आणि 'सर' म्हणतच गाडी ट्रकवर चढवतो. विनवण्या करू नका, त्या इथे कळतच नाहीत.

दुसरा सापळा लायसन्सचा. भारतीय लायसन्सवर इथे 12 महिने चालवता येतं, आणि ते मोजायचे इथे राहायला आल्या दिवसापासून, गाडी घेतल्यापासून नाही. आंतरराष्ट्रीय परमिटने ही मुदत वाढत नाही. भारतीय लायसन्स बदलूनही मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, थिअरी, प्रॅक्टिकल, सगळं पहिल्यापासून. परीक्षेची तारीख मिळायला महिनोन् महिने लागतात, म्हणून आल्या आल्या अर्ज करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "मी तीन वर्षं चालवतोय, काही होत नाही" सांगणारा एक महाभाग असतोच. गाडी सोडवायला तो येत नाही.

पोलिसांनी नेलेली साधी, धडधाकट गाडी सोडवायला 192 पाउंड, वर ठेवणावळ दिवसाला 26. दहा दिवस गेले तर 452 झाले. रस्त्यावरच हातात दिलेली नोटीस जपून ठेवा. त्यात आवाराचा पत्ता आणि मुदत असते, सहसा 7 कामकाजाचे दिवस. ती टळली की गाडी लिलावात किंवा भंगारात जाऊ शकते.

पण अडतं ते पैशावर नाही, कागदावर. नोटीस, लॉगबुक किंवा खरेदीची पावती, फोटो ओळखपत्र, लायसन्स, एमओटी (गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला), आणि विमा. गेल्या हिवाळ्यात एका नव्या मुलाबरोबर गेलो होतो. त्याने आदल्या रात्री घाईघाईत ऑनलाइन पॉलिसी घेतलेली. काचेपलीकडच्या बाईंनी फोन आत घेतला, बोटाने पानं सरकवत खाली गेल्या आणि फोन काचेखालून परत सरकवला. स्क्रीनवर ती एक ओळ: जप्त झालेलं वाहन सोडवण्यासाठी ही पॉलिसी चालणार नाही. बाई म्हणाल्या, "सॉरी, लव्ह." मागचा माणूस पुढे सरकला.

तर, जप्तीनंतर घेतलेल्या बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये ही ओळ असते. जप्त गाड्यांसाठीचा विमा वेगळा मिळतो, महाग असतो, आणि आवारवाले सहसा किमान 30 दिवसांचा मागतात. निघण्याआधी आवाराला फोन करून कुठला विमा चालतो ते विचारा. स्वतःच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या गाड्या चालवायची सवलत असलेला मित्र नेऊन भागत नाही. गाडी बाहेर काढणाऱ्याचं लायसन्स आणि विमा दोन्ही पक्कं हवं. नसेल तर ट्रक बोलवा.

आणि गाडी सातशे-आठशे पाउंडांची असेल तर आधी हिशोब मांडा. गाडीवरचा हक्क सोडल्याचं लिहून देणं कधी कधी स्वस्त पडतं. मात्र हप्त्यांवर घेतली असेल तर तसं परस्पर करू नका, ती अजून फायनान्स कंपनीची आहे. बेबी सीट, औषधं, पासपोर्ट आत असतील तर ओळखपत्र दाखवून ते आधी काढून घ्या.

गाडी दारात आली तरी खटला वेगळा चालूच राहतो. विना विमा चालवल्याचे 300 पाउंड आणि लायसन्सवर 6 दंडाचे गुण. इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर त्या 6 गुणांत लायसन्स रद्द होतं आणि परत प्रोव्हिजनलवर यावं लागतं. विना विमा चालवल्याचा आयएन10 हा शेरा रेकॉर्डवर 4 वर्षं राहतो, आणि पुढची पॉलिसी घेताना विचारलं तर तो सांगावाच लागतो. लपवलात तर तीही पॉलिसी रद्द होऊ शकते.