दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप बिघडून परत आला तर

‘एचपी लॅपटॉप, डिस्प्ले येत नाही.’ दुकानात मिळणारी चिठ्ठी बहुतेक वेळा एवढीच असते. पुढे वाद झाला की रॅम किती होती, झाकणाला चीर आधीपासून होती का, यावर शब्दाला शब्द लागतो. म्हणून मशीन देतानाच चिठ्ठीवर मॉडेल, सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडीची (डेटा साठवणाऱ्या डिस्कची) क्षमता, सोबत दिलेला चार्जर आणि दिसणारे ओरखडे लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करेल. मग तोच मजकूर काउंटरवर उभं राहून त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘ओके’ येईपर्यंत हलू नका.

मशीन चालू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचा सीरियल नंबर आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ (आजवर चाललेले एकूण तास) दिसतात, त्याचा फोटो काढा. रॅमच्या पट्टीचा नंबर सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर, तर बॅटरीची उरलेली क्षमता विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मिळते. मशीन बंदच असेल तर मागचं झाकण समोर उघडायला सांगून लेबलांचे फोटो घ्या. दोन हजार तास चाललेली एसएसडी दिली आणि अकरा हजार तास झालेली परत आली, तर वेगळा पुरावा लागत नाही.

नुकसान कोणाच्या हातून झालं, हे बऱ्याचदा खुणाच सांगतात. बॅटरीचा कनेक्टर न काढता डिस्प्लेची केबल ओढली की बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) फ्यूज उडतो: चित्र असतं, पण टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो किंवा मदरबोर्डवरचा ट्रॅक (तांब्याची बारीक रेघ) तुटतो. डेस्कटॉपमध्ये मॉड्युलर एसएमपीएसच्या (केबल सुटी होणाऱ्या पॉवर सप्लायच्या)  केबल्स एका कंपनीच्या दुसरीला लावल्या तर हार्डडिस्क जळू शकते, कारण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते.

सगळ्यात जास्त भांडणं प्रोसेसर बसतो तिथल्या वाकलेल्या पिनांवरून होतात. इंटेलच्या सध्याच्या बोर्डांवर आणि एएमडीच्या एएम५ प्रकारच्या बोर्डांवर पिना मदरबोर्डच्या सॉकेटात असतात, जुन्या एएम४ मध्ये त्या प्रोसेसरला. पिन वाकली की सर्व्हिस सेंटर सहसा वॉरंटी नाकारतं, आणि मग दुकानदार म्हणतो, ‘आली तेव्हाच वाकलेली होती.’ बोर्ड देताना सॉकेटचा जवळून, स्पष्ट फोटो आणि वर प्लॅस्टिकचं झाकण, एवढं असलं की हे वाक्य टिकत नाही.

‘पाणी गेलंय’ हेही ठरलेलं उत्तर. बोर्डावर गंजाचा हिरवट-पांढरा थर एका रात्रीत चढत नाही. पण मशीन अख्खा जुलै दुकानात पडून असेल, तर तो थर कुठे चढला हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. मात्र जुन्या बोर्डाची चिप गरम करून बसवलेली असेल आणि ती महिन्याभरात पुन्हा गेली, तर तो दरवेळी निष्काळजीपणा नसतो. असं काम करायच्या आधीच किती दिवसांची हमी, ते लिहून मागा.

परत घेताना पैसे देण्याआधी काउंटरवरच सुरू करून पाहा: कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळे यूएसबी पोर्ट, कॅमेरा, वायफाय, स्पीकर, बिजागरी. खोट दिसली तर बिलावर ‘हरकत नोंदवून ताबा घेतला’ असं लिहून सही करा. बिल द्यायला नकार देणं हीच ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. काम बाहेर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाठवलं होतं, ही सबब चालत नाही. मशीन तुम्ही या दुकानाला दिलं होतं. ‘दुकान जबाबदार नाही’ ही छापील ओळही दुकानदाराला सोडवेलच असं नाही, कारण ताब्यात आलेली वस्तू वाजवी काळजीने सांभाळणं भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे त्याच्यावर आहे.

दुसऱ्या दुकानात लगेच उघडू देऊ नका. आधी त्याच दिवशी पहिल्या दुकानाकडे लेखी तक्रार करा आणि दुरुस्ती किंवा भरपाईसाठी १५ दिवस द्या. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या तंत्रज्ञाकडून सीरियल नंबर, फोटो आणि कारण असलेला लेखी अहवाल लेटरहेडवर घ्या, मग स्पीड पोस्टाने नोटीस. भरपाई मागताना तशाच जुन्या भागाची आजची किंमत, अधिक दुरुस्तीचे दिलेले पैसे धरा. तीन वर्षांच्या लॅपटॉपच्या बदल्यात नवा मागितला की तक्रारच पोकळ वाटते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन समेटाचा प्रयत्न करते, आदेश देत नाही. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत २ वर्षं, सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. नवी मुंबईत वाशी, नेरूळकरांना बेलापूरच्या कोकण भवनातलं अतिरिक्त ठाणे आयोग. पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, म्हणजे अलिबाग. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज केलात तर तेवढी फेरी वाचते. बिल कंपनीच्या नावावर असेल तर ‘व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा’ असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी मशीन वापरत असाल, तर ते तक्रारीत सुरुवातीलाच नमूद करा.