लीव्ह-इन कंडिशनर निवडताना
लातूर, बीड, जालना या भागांत अनेक घरी बोअरचे जड पाणी वापरले जाते आणि त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचतात. त्यात उन्हाळ्याची कोरडी हवा, म्हणून केस धुतल्यावर तसेच राहू द्यायचे लीव्ह-इन कंडिशनर निवडताना जाहिरातीपेक्षा आपल्या केसांचा पोत आधी पाहावा. बारीक, सरळ केसांना पातळ स्प्रे पुरतो, कारण घट्ट क्रीमने ते दुपारपर्यंत तेल थापल्यासारखे चपटे दिसू लागतात. जाड किंवा कुरळ्या केसांना मात्र क्रीमच मानवते.

बाटलीवरील घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा पहिली ५-६ नावे अवश्य वाचावीत. सिटाइल अल्कोहोल पाहून दचकू नये (नाव फसवे आहे), ते केस मऊच करते. परंतु ग्लिसरीन अगदी वर असेल, तर आपल्याकडील मे महिन्यात ते जपून वापरावे, कारण हवेत ओलावा नसताना ते केसांतलाच ओलावा ओढू शकते.

टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांना, मुळे सोडून, प्रथम हरभऱ्याएवढेच लावून पाहावे. क्षारांनी केस आधीच राठ झाले असतील, तर ते एकदा ईडीटीए (क्षारांना धरून धुऊन काढणारा घटक) असलेल्या शाम्पूने धुवावेत. अन्यथा महागडे कंडिशनरही वरवरच राहते.