एच दाबल्यावर धडा सापडला पाहिजे

एका अंध विद्यार्थिनीसाठी संगणकावर करायचं पहिलं पुस्तक मी दोन दिवसांत उरकलं. बी.ए.च्या इतिहासाचं, जाडजूड. स्कॅन केलं, पीडीएफ केली, पाठवून दिली. संध्याकाळी त्या विद्यार्थिनीचा फोन आला, "दादा, फाईल उघडते, पण आत काहीच नाहीये." माझ्यासमोर पानन् पान दिसत होतं, तिच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते नुसते फोटो होते. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. त्या फोनची बोच अजून आहे.

म्हणून या कामात येणाऱ्यांना सांगतो, आधी ऐकायला शिका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्याच्या ईस्पीक आवाजाला मराठी येतं. तो सुरू करा, मॉनिटर बंद करा आणि स्वतः केलेल्या पुस्तकातला सातवा धडा शोधा. शीर्षकं फक्त ठळक केली असतील तर पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागेल. वर्डमध्ये त्यांना 'हेडिंग' स्टाइल देऊन ईपब (ई-पुस्तकाची फाईल) केलं असेल, तर एच ही कळ दाबत थेट धड्यावर जाता येतं. छापील पान क्रमांकही ठेवा. वर्गात सर "पान ११२ काढा" म्हणतात तेव्हा तिलाही ते काढता आलं पाहिजे. फाईलची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका.

खरा वेळ खातात ती अक्षरं. आनंदीबाईंच्या नावावर 'ध चा मा' आहे. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, रोज ध चा घ आणि भ चा म करतो. 'रक्कम भरली' ची 'रक्कम मरली' होते, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. मूळ पानाशी ताडून वाचण्याला पर्याय नाही. प्रकाशकाकडून टाइप केलेली फाईल मिळाली तरी हुरळून जाऊ नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार, 'ऱ्य' आणि 'ॲ' हमखास तपासा.

चित्रांचं वर्णन मला सगळ्यात अवघड जातं. 'महाराष्ट्राचा नकाशा' एवढं लिहून काहीच कळत नाही. धडा नद्यांचा असेल तर गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पूर्वेकडे जाते, हे शब्दांत आलं पाहिजे. एका नकाशावर तास गेला तरी चालेल.

परवानगीची धास्ती नवख्यांना असते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, सुगम प्रत करायला वाट दिली आहे. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत पहिला देश, २०१४ साली. काम हाती घेण्याआधी २०१६मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, एवढं बघा. दुसऱ्याने केलेलं पुन्हा करण्यात रात्री जातात.

तिचं पुस्तक मी नव्याने केलं, ते परीक्षेच्या पाच दिवस आधी पोचलं. आता माझी प्रत्येक फाईल आधी तिच्याकडे जाते आणि तपासणीचा मोबदला मी ठरवून देतो. असा वाचक पहिल्याच पुस्तकाला सोबत घ्या. परवाच तिने कळवलं, तिसऱ्या प्रकरणातली तळटीप वाक्याच्या मध्येच वाचली जाते. आज तेवढंच दुरुस्त करतोय.