चिनी काढा घ्यायचाच असेल तर

मागच्या महिन्यात धाकटी जाऊ मनीषनगरहून आली. पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून तिनं ओट्यावर ठेवली. "ताई, हे कसं उकळायचं सांगा न. माझी मैत्रीण घेऊन राहिली, तिला गुण आला म्हणते." आत वाळलेल्या मुळ्यांच्या चकत्या, सालीचे तुकडे, थोड्या लाल गोजी बेरी. वर ना नाव, ना तारीख. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली, वय तेहतीस. तिनं मलाच विचारलं, कारण ह्यांची नोकरी सिंगापूरला होती तेव्हा मी मूल व्हावं म्हणून सात महिने चिनी काढा घेतला होता. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पातेलं चढवायच्या आधी तपासण्या. वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष, पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची हार्मोन्सची तपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी, गरज पडली तर गर्भनळ्यांचा एक्स-रे. नळ्या बंद असतील तर कुठलीही मुळी त्या उघडत नाही. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करायची, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. आपल्याकडे काढे उकळतात ते बाईसाठीच. आमच्या घरीही ह्यांचा रिपोर्ट काढायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

मग वैद्य. सिंगापुरात चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारासाठी, कायदा आहे, पण आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी, तिबेटी सोवा-रिग्पा आहेत, चिनी वनौषधी नाहीत.  त्यामुळे इथे कोणी "चिनी औषध देतो" म्हटलं, की शिक्षण कुठे झालं आणि पुडीत काय आहे, हे दोन प्रश्न विचारायचेच.

खरा जाणकार कसा ओळखायचा? माझ्या वैद्यबाईंनी पहिल्या दिवशी पाऊण तास घेतला. जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. रक्त किती जातं, गुठळ्या पडतात का, पाय गार राहतात का, झोप कशी, सगळं विचारलं. त्यांच्या शास्त्रात प्रजननाचं बळ 'मूत्रपिंडा'त साठतं म्हणतात. ते म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी किडनी नव्हे, ती त्यांची वेगळी कल्पना. आणि महिन्याचे ते चार भाग करतात: पाळीचे दिवस, त्यानंतरचे, अंडं फुटायचे आणि पुढचे. प्रत्येक भागाला काढा बदलतो. म्हणूनच महिनाभर एकच पुडी कोणी दिली, तर ती तुमच्यासाठी बांधलेली नाही असं समजा.

माझ्या चिठ्ठीत पाळीनंतरच्या दिवसांसाठी दांग-ग्वी, शिजवलेलं दी-हुआंग, पांढरं बाय-शाओ आणि छुआन-शियोंग होतं. हा त्यांचा जुना चार वस्तूंचा काढा. पुढे त्यात अमरवेलीच्या जातीच्या बिया यायच्या. चिठ्ठीवर प्रत्येकाचं ग्रॅममध्ये वजन. ती चिठ्ठी अजून माझ्या फाइलीत आहे.

उकळायची रीत अशी. मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम नको. औषध गार पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोन बोटं वर हवं. उकळी आली की आच बारीक, अर्धा तास झाकण ठेवून. गाळा. त्याच औषधात कमी पाणी घालून पुन्हा वीस मिनिटं. दोन्ही काढे एकत्र करून निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी, जेवणानंतर कोमट. रंग काळ्या चहासारखा, वास ओल्या मातीचा, चव आधी गोडसर मग कडू. मुळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. पांढरी पूड दिसली की सगळं फेका.

आता जिथे जीव अडकतो ते. परत आल्यावर इथल्या एकाकडून मी बिनलेबलच्या "चिनी गोळ्या" घेतल्या. पाच आठवड्यांत डोळे पिवळे, रक्तातलं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते) चढलेलं. दोन महिने गेले सावरायला. त्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून नाव नसलेली वस्तू तोंडात घालू नका. हो-शौ-वू नावाची मुळी यकृताला बाधल्याची उदाहरणं आहेत. फांग-ची आणि मू-तोंग या नावांखाली कधी अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल, म्हणजे मूत्रपिंडाला विषारी द्रव्य, असलेली वनस्पती येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये अशाच अदलाबदलीनं कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. दांग-ग्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घातक ठरू शकतं, आणि वंध्यत्वाच्या उपचारांत अ‍ॅस्पिरिन पुष्कळदा देतात. ज्येष्ठमध फार झालं तर बीपी वाढतं. काढ्याआधी आणि महिन्याभरानं यकृत-किडनीची रक्ततपासणी करा, आणि चिठ्ठी आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली की काढा बंद. दिवस राहिले की त्याच दिवशी बंद.

गुण येतो का? काढ्यानं जास्त मुलं जन्मतात असं ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असलेल्या हजार चिनी बायकांवरचा अ‍ॅक्युपंक्चरचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला; सुयांनी फरक पडला नाही, अंडं फुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफेन गोळीनं पडला. माझ्या लेकीच्या वेळी दिवस राहिले ते थायरॉइडची गोळी आणि लेट्रोझोल (तशीच अंडं वाढवायची गोळी) चालू असताना. काढा तेव्हा केव्हाच थांबला होता. पण त्या सात महिन्यांत झोप लागायची, आणि कोणीतरी माझं सगळं ऐकून घेतलं होतं, हेही खरंच. म्हणून घ्यायचाच तर तीन महिने, तारीख लिहून. त्यापुढे ओढायचं नाही, कारण वय थांबत नाही.

जाऊची पिशवी आम्ही पेपरवर उलटी केली. गोजी बेरी तेवढ्या ओळखता आल्या. बाकी सगळं तिनं स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं, आणि तिथूनच दिराला फोन लावला. सोमवारी सकाळी दोघं धंतोलीला लॅबमध्ये गेले.