परिसर अभ्यासाची तयारी कोऱ्या नकाशापासून

पाचवीच्या मुलांची प्रवेश परीक्षेसाठी परिसर अभ्यासाची तयारी करून घेताय? मग गाईडमधली प्रश्नोत्तरं घोकून घेण्याआधी खानदेशाचा कोरा नकाशा त्यांच्या हाती द्या. तो भिंतीवर टांगू नका, जमिनीवर पसरा. टांगलेल्या नकाशामुळे 'वर म्हणजे उत्तर' एवढंच डोक्यात बसतं. चोपडा, यावल, रावेरकडच्या मुलांना तर सातपुडा समोरच दिसतो. कागदाची उत्तर बाजू डोंगराकडे करायची आणि तापी त्यांनाच काढू द्यायची, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पेन्सिल उलट्या दिशेनं गेली तरी लगेच टोकू नका. पूर्णा चांगदेवजवळ मिळते, मग गिरणा, पुढे पांझरा. ही ठिकाणं क्रमानं दाखवायला सांगा. चूक त्यांची त्यांनाच सापडते.

पर्यायी प्रश्नांत नुसत्या बरोबर उत्तरावर समाधान मानू नका. तापीचा उगम कुठे? मुलताई. ठीक, पण त्र्यंबकेश्वर, महाबळेश्वर, अमरकंटक का नाही, तेही तोंडी सांगायला लावा. एका प्रश्नात गोदावरी, कृष्णा आणि नर्मदाही होऊन जातात. माझ्या मते दहा सराव प्रश्नपत्रिकांपेक्षा ही सवय मोलाची, कारण पुढच्या पेपरात हेच पर्याय प्रश्न होऊन येऊ शकतात.

सनावळ्या मात्र थोड्याच घ्या, आणि गावाला जोडून घ्या: फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन १९३६, नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२, धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा १९९८. झोपायच्या आधी पाच मिनिटं विचारल्या तरी पुरे.