मुस्तांगला मित्राच्या घरी जाताय? या चुका टाळा

पहिली चूक मी नागपूर स्टेशनवरच केली. पाच किलो संत्री घेतली! राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा, पोखरा, मग जीप. नेपाळातल्या मुस्तांग जिल्ह्यातल्या मार्फ्याला पोचेस्तोवर अर्ध्यांचा लगदा झाला होता. त्यात मार्फा सफरचंदांचं गाव, म्हणजे बागवाल्याच्या घरी पिचकी फळं. संत्रा बर्फी न्या बाप्पा, टिकते तरी.

दुसरी चूक अंगाशी आली. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, मार्फा साधारण 2,650 वर आणि मुक्तिनाथचं देऊळ 3,700 च्याही वर. मित्र थांब म्हणत असताना मी दुसऱ्याच दिवशी दर्शनाला निघालो. वर डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. उपाशीपोटी पित्त झालं असेल, असं समजत राहिलो. ते पित्त नव्हतं, उंची होती. मार्फ्यात निदान दोन रात्री काढा. डोकं दुखत असेल तर गोळी गिळून वर चढू नका. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा.

परतीचं तिकीट घट्ट काढू नका. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे असा वारा सुटतो की जवळच्या जोमसोम विमानतळावरची विमानं सकाळीच उडतात. सकाळ हुकली की दिवस गेला. पावसाळ्यात रस्त्यावर दरडी येतात, ते वेगळंच.

घरात मात्र मी गाफील राहिलो. उष्ट्याला तिकडे 'जुठो' म्हणतात, आणि ते आपल्यापेक्षा कडक पाळतात. डब्यात हात घालून खाणारे आम्ही. जेवत्या हाताने भाताचा डाव उचलला. मित्राची आमा (आई) काहीच बोलली नाही, फक्त भांडं आत गेलं. मित्राने रात्री सांगितलं तेव्हा कळलं. वाढणाऱ्याला वाढू द्या. पोट भरत आलं की आधीच ताटावर हात धरून 'पुग्यो' (पुरे) म्हणा, नाहीतर भाताचा आणखी एक ढीग पडलाच समजा.

आणखी एक. आपली नागपुरी हिंदी सगळ्यांना 'तू-तुम'वर आणते. तिथे मोठ्यांना 'तपाईं'च, म्हणजे आपलं 'तुम्ही'.

व्हिसा लागत नाही म्हणून लोक नुसतं आधार कार्ड घेऊन निघतात. काठमांडूला विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र खिशात ठेवा.