कॅनडात मास्टर्स करायचे असेल तर: सप्टेंबरपासून उलटी मोजणी

कॅनडातील विद्यापीठांचे मुख्य सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते. काही अभ्यासक्रमांना जानेवारीत किंवा मे महिन्यातही प्रवेश मिळतो, परंतु विषयांची निवड, विद्यापीठाकडून मिळणारे अर्थसाहाय्य आणि वसतिगृहातील जागा या तिन्ही बाबतींत सप्टेंबरचे सत्रच उजवे ठरते. म्हणून तयारीचा हिशोब सप्टेंबरपासून मागे मोजावा. ऑगस्टच्या मध्यास विमानात बसायचे असेल तर स्टडी परमिटचा, म्हणजे तिथे शिकण्याच्या परवान्याचा, अर्ज मे महिन्यापर्यंत गेलेला असावा; त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये हातात प्रवेशपत्र हवे; त्यासाठी विद्यापीठाकडे डिसेंबर-जानेवारीत अर्ज पोहोचायला हवा; आणि तो अर्ज पूर्ण होण्यासाठी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल व ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांचे प्रमाणित गुणपत्रक, ऑक्टोबरपर्यंत तयार असायला हवेत. याचा अर्थ, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच या कामाला लागावे. पुढे दिलेले नियम आणि रकमा २०२६च्या सुरुवातीच्या आहेत. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि तेव्हापासून नियम वारंवार बदलत आले आहेत, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी आयआरसीसीच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावरील मजकूर पुन्हा एकदा वाचावा.

अभ्यासक्रम निवडताना

सर्वांत मोठा निर्णय विद्यापीठाच्या नावाचा नसून अभ्यासक्रमाच्या प्रकाराचा आहे, आणि आपल्याकडे नेमके याकडेच दुर्लक्ष होते. कॅनडात मास्टर्स दोन प्रकारची असते. एक केवळ विषय उत्तीर्ण होऊन पूर्ण होते. अभियांत्रिकीत तिला बहुतेक ठिकाणी एम.इंग. म्हणतात. दुसरी प्रबंध लिहून पूर्ण होते, ती एम.ए.एससी. किंवा एम.एससी. या नावाने चालते. पहिल्या प्रकारात संपूर्ण शुल्क विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. दुसऱ्या प्रकारात बहुधा प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून आणि अध्यापन साहाय्यकाच्या कामातून विद्यार्थ्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते, त्यामुळे शुल्काचा मोठा भाग भागतो. ज्या घराला कर्ज काढूनच मुलाला पाठवायचे आहे, त्या घराने आधी दुसऱ्या प्रकाराचा गंभीरपणे विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी गुण चांगले हवेत आणि बहुतेक ठिकाणी कोणीतरी प्राध्यापक आपल्याला घ्यायला तयार असावा लागतो.

प्राध्यापकांना लिहायच्या ईमेलवर वेळ घालवावा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा आणि चाळीस जणांना एकाच वेळी गेलेला ईमेल ओळखायला त्यांना दोन सेकंद पुरतात. त्याऐवजी त्या प्राध्यापकाचे गेल्या दोन-तीन वर्षांतील दोन शोधनिबंध वाचावेत, त्यातील नेमका कोणता प्रश्न आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाशी जुळतो ते दोन वाक्यांत लिहावे, आपल्याला काय करता येते ते एका वाक्यात सांगावे, ते येत्या सप्टेंबरसाठी विद्यार्थी घेणार आहेत का असे सरळ विचारावे आणि गुणपत्रक व एक पानाचा बायोडेटा जोडावा. एवढा मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर मावायला हवा. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि मग तो विषय सोडून द्यावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ या पत्रव्यवहारासाठी चांगला.

तीन वर्षांची पदवी असलेल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. कॅनडातील स्वतःची ऑनर्स पदवी साधारणतः चार वर्षांची असते, म्हणून अनेक विद्यापीठे आपल्या तीन वर्षांच्या बी.एससी., बी.कॉम. किंवा बी.ए. पदवीवर मास्टर्सला थेट प्रवेश देत नाहीत, भारतात एम.एससी. किंवा एम.कॉम. पूर्ण करून यावे, अशी त्यांची अपेक्षा असते. ही अट प्रत्येक विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाच्या पानावर देशानुसार दिलेली असते. ती न वाचता अर्जाचे शुल्क भरणाऱ्यांची संख्या कमी नाही.

शहराचाही विचार करावा. टोरांटो आणि व्हँकुव्हर येथील घरभाडे देशात सर्वांत चढ्या भाड्यांपैकी आहे, तर एडमंटन, सास्काटून किंवा विनिपेग येथे राहणे तुलनेने परवडते; मात्र तिथे जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जातो. माँट्रियलमधील मॅकगिल आणि कॉन्कॉर्डिया या विद्यापीठांत शिक्षण इंग्रजीत होते, परंतु ती क्वेबेक प्रांतात असल्यामुळे स्टडी परमिटच्या आधी प्रांताचे वेगळे स्वीकृतिपत्र घ्यावे लागते. त्याला सीएक्यू म्हणतात आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो.

कागदपत्रे आणि नावाचा घोळ

इंग्रजीच्या परीक्षेसाठी बहुतेक विद्यापीठे आयईएल्ट्स अकॅडेमिकमध्ये एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नाही, अशी अट घालतात. टोरांटो विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागासारखी काही ठिकाणे एकूण ७ मागतात. ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सप्टेंबरच्या आतच अर्ज करावा आणि एकाच वेळी पाच-सहा सीलबंद संच मागवावेत, कारण दुसऱ्यांदा मागवताना सगळी रांग पुन्हा लावावी लागते. पुष्कळ विद्यापीठे सुरुवातीला स्कॅन केलेली प्रत स्वीकारतात आणि मूळ संच प्रवेश पक्का झाल्यावर मागतात.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना छळणारी खरी अडचण नावाची आहे. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे; आईचे नाव वेगळ्या रकान्यात किंवा कधी नावाच्याच शेवटी असते. गुणपत्रकावर ‘पाटील स्नेहल सुरेश’, पदवी प्रमाणपत्रावर ‘पाटील स्नेहल सुरेश मंगल’ आणि पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ व नावाच्या रकान्यात ‘स्नेहल सुरेश’ असे असेल, तर आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. पण हॅलिफॅक्समध्ये बसलेल्या कारकुनासाठी या तीन वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतात. सगळीकडे पासपोर्टवरील नावच भरावे, इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचाही फरक असेल तर नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे, आणि विवाहानंतर आडनाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावे. वडिलांच्या बँक खात्यावर ‘एस. बी. पाटील’ एवढेच असेल तर बँकेकडून पूर्ण नावाचे पत्र घेणे शहाणपणाचे.

पैसे आणि त्यांचा माग

स्टडी परमिटसाठी पहिल्या वर्षाचे शुल्क, प्रवासखर्च आणि राहण्याचा खर्च इतके पैसे आहेत, हे दाखवावे लागते. राहण्याच्या खर्चाची रक्कम २०२३ अखेरपर्यंत एका व्यक्तीसाठी १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक वगळता अन्य प्रांतांसाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. डॉलर ६२ रुपये धरला तरी हे १४ लाखांच्या वर जातात, आणि शुल्क त्याशिवाय. ही रक्कम दाखवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे जीआयसी: कॅनडातील बँकेत आधीच पैसे ठेवायचे, आणि तिथे पोहोचल्यावर ते हप्त्याहप्त्याने परत मिळतात. पूर्वी एसडीएस या जलद योजनेत जीआयसी बंधनकारक होती. ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली, तरी पुरावा म्हणून जीआयसी अजूनही चालते.

अधिकाऱ्याला रक्कम जेवढी पाहायची असते तेवढाच तिचा मागही पाहायचा असतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांनी खात्यात टाकलेले १० लाख रुपये मदत करण्याऐवजी शंका निर्माण करतात. जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत, एफडी मोडली असेल तर बँकेची पावती, निवृत्तीचे पैसे असतील तर कार्यालयाचे पत्र, आणि सर्वांसोबत पालकांची आयकर विवरणपत्रे लावावीत. सातबारा आणि सीएने दिलेले मालमत्तेचे मूल्यांकन जोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे; त्याने घरची परिस्थिती कळते, पण शेत म्हणजे रोख रक्कम नव्हे, हे लक्षात ठेवावे. बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर झाले असेल तर त्याचे मंजुरीपत्र हा चांगला पुरावा असतो. पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच लागत नाही. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे; दोन्हींचे अर्ज प्रवेशाच्या बऱ्याच आधी पाहून ठेवावेत.

स्टडी परमिटचा अर्ज

प्रवेशपत्र देणारी संस्था डीएलआय, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेली संस्था, म्हणून नोंदलेली आहे का, हे आयआरसीसीच्या यादीत स्वतः पाहावे. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा हे इमिग्रेशन खाते थेट संस्थेकडून करून घेते, कारण त्याआधी एजंटांनी दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांची मोठी प्रकरणे उघडकीस आली होती. पदवी अभ्यासक्रमासाठी प्रांताचे अटेस्टेशन लेटर, म्हणजे आपण त्या प्रांताच्या ठरवलेल्या संख्येत बसतो असे पत्र, लागते आणि ते विद्यापीठामार्फत मिळते. १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक संस्थांतील मास्टर्स आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मात्र त्यातून सूट आहे. अर्जाचे शुल्क १५० डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर. बायोमेट्रिक्ससाठी मुंबई आणि पुण्यात केंद्रे आहेत. वैद्यकीय तपासणी खात्याच्या यादीतील डॉक्टरकडेच करावी लागते आणि ती अर्जाच्या आधी करून घेता येते. त्याने काही आठवडे वाचतात.

अर्जासोबतचे स्पष्टीकरणाचे पत्र हा या सगळ्याचा कणा आहे. कॅनडा जागतिक दर्जाचे शिक्षण देतो, तिथला समाज बहुसांस्कृतिक आहे, ही वाक्ये अधिकाऱ्याने हजारदा वाचलेली असतात. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: याच विषयात पुढे का शिकायचे, हे शिक्षण भारतात का नाही, आणि झाल्यावर काय. यांत्रिकी अभियंता तीन वर्षे चाकणच्या कारखान्यात काम करून बॅटरीच्या उष्णता-व्यवस्थापनाचा अभ्यास करायला निघाला असेल, तर त्याने कामावर भेडसावलेला नेमका प्रश्न, त्या प्रश्नाशी जुळणारे दोन विषय आणि परतल्यावर त्याचा होणारा उपयोग एवढेच लिहावे. पत्र आपोआप वेगळे होते. शिक्षणात खंड असेल, एखादा विषय राहिला असेल किंवा पूर्वी कोणत्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल, तर ते लपवू नये. नकार दडवणे हे चुकीची माहिती देणे ठरते आणि त्यापायी पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते.

पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा किंवा आपल्या वतीने अर्ज हाताळण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक सल्लागारांना, वकिलांना आणि क्वेबेकमधील नोटरींनाच आहे. सल्लागाराचे नाव त्यांच्या महाविद्यालयाच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या, यादीत शोधता येते. कोणीही मदत केली तरी अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे असावा आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान आपण स्वतः वाचलेले असावे, कारण चुकीची जबाबदारी अर्जदाराचीच असते.

नोकरीविषयी थोडे. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. या कमाईवर शुल्काचा हिशोब मांडू नये. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीची असली तरी, अन्य अटी पूर्ण होत असल्यास, शिक्षण संपल्यावर तीन वर्षांचे वर्क परमिट मिळू शकते. त्यासाठी सीएलबी ७, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरील सातव्या पातळीएवढी, इंग्रजी दाखवावी लागते, आणि इथे अनेकजण फसतात: प्रवेशासाठी दिलेली अकॅडेमिक परीक्षा त्या कामी चालत नाही, आयईएल्ट्सची जनरल ट्रेनिंग किंवा सेल्पिप या कॅनेडियन परीक्षेसारखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. पती किंवा पत्नीला वर्क परमिट मिळण्यासाठी मास्टर्स किमान १६ महिन्यांची असावी लागते, म्हणून विवाहितांनी अभ्यासक्रमाची मुदत निवडतानाच हे पाहावे. तिथे गेल्यावर संस्था बदलायची झाल्यास नवे स्टडी परमिट घ्यावे लागते.

घर भारतातून पक्के करताना न पाहिलेल्या खोलीसाठी पैसे पाठवू नयेत. पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या निवासात किंवा ओळखीच्यांकडे काढावेत. ऑंटारिओत घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ मागू शकतो, पण मोडतोडीसाठी वेगळी अनामत घेऊ शकत नाही. जाड कोट तिथेच घ्यावा. इथून नेलेला बहुतेक वेळा डिसेंबरात निरुपयोगी ठरतो.

भारतातून निघताना पासपोर्टवर व्हिसा आणि हातात परिचयपत्र, म्हणजे परमिट मंजूर झाल्याचे आयआरसीसीचे पत्र, असते. प्रत्यक्ष स्टडी परमिट पहिल्या कॅनेडियन विमानतळावर सीमा अधिकारी छापून देतो. म्हणून प्रवेशपत्र, परिचयपत्र आणि पैशांचे पुरावे यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, तपासणीला देऊन टाकलेल्या बॅगेत नव्हे. परमिट मिळाल्यावर काउंटर सोडण्यापूर्वी त्यावरील नाव, जन्मतारीख, मुदत आणि काम करण्याची परवानगी देणारी ओळ वाचावी. चूक असेल तर ती त्याच माणसाकडून तिथेच दुरुस्त होऊ शकते. एकदा बाहेर पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी अर्ज करून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते.